कव्हर फाडलेले अंक

काकू, आधीच सांगून ठेवते, माझं अक्षर वाईट आहे आणि वेलांट्यांचा मेळ मला चौथीतही बसला नव्हता. चौथीनंतर तर शाळाच सुटली. तुम्ही असतात तर लाल पेन्सिल घेऊन शेजारी बसला असतात. आता चुका जशा पडतील तशा राहतील, तेवढं माफ करा. हे कोणाला दाखवायचं नाही. दुकानात कुठल्याशा ऑफिसचं जुनं रजिस्टर आलं होतं, मागची पानं कोरी निघाली, ती मी उसवून ठेवली होती. त्यावर लिहिते आहे.

परवा तुमची तेरवी झाली. जेवणाच्या आधी एकेक जण तुमच्याबद्दल बोलला. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या तुमच्या दोघी मैत्रिणी बोलल्या, खालचे भाडेकरू बोलले. मी दाराशी, चपलांजवळ बसले होते. तुमचा भाचा अविनाश माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्हाला काही बोलायचंय का?" मी मान हलवली. चार माणसांत माझा आवाज निघत नाही, तुम्हाला माहीत आहे. आणि माझ्याजवळ बोलण्यासारखं नव्हतंच काही. होते ते सगळे प्रश्न, आणि ते तुम्हालाच विचारायचे होते.

आपली ओळख माझ्या चुकीपासून झाली. आठ वर्षं होतील. सक्करदऱ्याच्या आमच्या रद्दीच्या दुकानात तुम्ही वर्तमानपत्रं विकायला आला होता. मी खाली बसून मासिकांची कव्हरं फाडत होते. आमच्या धंद्यात ते करावंच लागतं. कव्हरचा कागद गुळगुळीत, आतला साधा. दोन्ही मिसळले तर इतवारीचा मोठा व्यापारी भाव पाडतो. माझा हात इतका बसलेला होता, की एका झटक्यात कव्हर निघून यायचं आणि आतल्या पानाला धक्का लागायचा नाही. मला त्याचा अभिमानही होता.

"थांब वं, थांब! हे काय करून राहिली?"

मी घाबरले. म्हटलं, "कव्हरं काढून राहिली, काकू. गुळगुळीत कागद वेगळा द्या लागते."

"आणि आधी काढले ते कुठं आहेत?"

"ते तं सकाळीच गाडीत गेले."

तुम्ही वर्तमानपत्रांच्या पोत्यावरच बसलात. माझ्यासमोर तेवीस अंक होते, तेवीसही उघडे. "फावला वेळ" नावाचं मासिक. मी त्याआधी कधी नावसुद्धा ऐकलं नव्हतं. पतंग कसा करावा, तिकिटं कशी जमवावी, घरी रेडिओ कसा जोडावा, असलं सगळं त्यात. बंद पडूनही चाळीसेक वर्षं झाली होती.

"अवं, महिना आणि वर्ष कव्हरवरच असते या अंकायचं. आत कुठंच नसते. आता कोणाच्या मागं कोण, कसं कळन?"

"मागं-पुढं कशाले लावा लागते? वजन तं तेवढंच भरते."

मला वाटलं, आता रागावणार. तुम्ही हसायला लागलात. हसता हसता चष्मा काढून पुसलात. मग म्हणालात, "तू फाडले, तूच लावून द्यायचे. सोमवारी तुमचं दुकान बंद असते ना? ये घरी."

काकू, दुसऱ्या कोणी बोलावलं असतं तर मी गेले नसते. पण मला खरंच बघायचं होतं, की ज्याच्यावर तारीख नाही त्याची तारीख माणूस काढतो कशी.

तुमच्या जेवणाच्या टेबलावर तेवीस अंक मांडले. तुम्ही कोडी बघायला लागलात, कारण या अंकातल्या कोड्याचं उत्तर पुढच्या अंकात असायचं. एका अंकाचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडाला जोडायचं, असं तुम्ही म्हणायच्या. रेडिओ जोडण्याचा लेख बारा भागांत होता, त्याने बारा अंक एका ओळीत लागले. मी आपली बागेची पानं वाचत बसले. बाकीचं मला हळू हळू वाचावं लागायचं, पण तिथं भाजीपाल्याची नावं होती. मी म्हटलं, "यात मेथी टाका म्हणते आणि वांग्याची रोपं हलवा म्हणते. हा दिवाळीच्या आधीचा आहे."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "तुले कसं माहीत?"

"माहेरी उमरेडले आमच्या घरी माग होते, काकू. पण घरामागं वाफेही होते."

"तू तं पोलिसात पायजे होती," तुम्ही म्हणालात आणि त्या अंकावर पेन्सिलने बारीक लिहिलंत, ऑक्टोबर. मला कोणी काही विचारावं आणि मी सांगितलेलं कोणी लिहून घ्यावं, असं तोपर्यंत झालं नव्हतं. घरी येताना मी दोन गल्ल्या पुढे निघून गेले होते, इतकं डोकं त्यातच होतं.

वर्ष कसं काढायचं, ते वर्गणीच्या चौकटीवरून मी शोधलं. बारा रुपये असेल तर जुना अंक, पंधरा असेल तर नंतरचा. ते मात्र तुम्ही मान्य करायला दोन सोमवार लावलेत.

आणि तो कंदिलाचा अंक! त्यात बागेचं पान नव्हतं, कोडं उंदराने खाल्लेलं होतं. होता फक्त आकाशकंदील करण्याचा लेख. तुम्ही म्हणालात, कंदील म्हणजे ऑक्टोबर, त्यात काय बघायचं. मी म्हटलं, ऑगस्ट. कारण लेखात लिहिलं होतं, खळ म्हणजे आपली लेई लावल्यावर कागद दोन दिवस वाळू द्यावा. काकू, मी कागदाचंच खाते. ऑक्टोबरच्या उन्हात लेई तासाभरात कडक होते. दोन दिवस लागतात ते पावसाळ्यात, जेव्हा रद्दी ओल धरते आणि पोतं दोन किलो जास्त भरतं.

"अवं, पण मासिक पुण्याचं आहे. पुण्याची हवा वेगळी."

"हवा कितीही वेगळी असन, पतंगीच्या कागदाले दोन दिवस?"

"तू कधी गेली पुण्याले?"

"तुम्ही कधी बनवला कंदील?"

तुम्ही चहा ठेवायला उठलात. त्यानंतर हे भांडण आपण किती वेळा काढलं असेल! बोलायला काही नसलं, की तुम्ही पोहे पुढे ठेवत म्हणायच्या, "ऑक्टोबर." मी म्हणायची, "ऑगस्ट."

तुम्ही हे अंक का जमवता, ते मी तीनदा विचारलं आणि तीनदा वेगळं उत्तर मिळालं. एकदा म्हणालात, लहानपणी शेजाऱ्यांकडे यायचे, पण ते हात लावू द्यायचे नाहीत. एकदा म्हणालात, यातली चित्रं चांगली आहेत. तिसऱ्यांदा म्हणालात, "तुले काय करायचं? चहा पी." मला तिसरं उत्तर सगळ्यात खरं वाटलं.

मला छंद ही गोष्टच नवीन होती. काम असतं, आराम असतो, पण कोणी सांगितलं नसताना, पैसे मिळणार नसताना माणूस आगपेटीच्या काड्यांचं घर का बांधेल? तुम्ही म्हणालात, करून बघ, मग कळेल. मी त्यातला सुईच्या छिद्राचा डबा केला. एका बाजूला छिद्र, दुसऱ्या बाजूला तेलकट कागद, आणि बाहेरचं चित्र आत उलटं दिसतं, असं लिहिलं होतं. पहिल्यांदा छिद्र मोठं झालं, काहीच दिसलं नाही. दुसऱ्यांदा उन्हात आमच्या घरच्यांना उभं केलं आणि बघितलं, तर खरंच ते डोकं खाली, पाय वर!

मी ओरडले, "अहो, तुम्ही उलटे दिसून राहिले!"

ते म्हणाले, "तुले मी सरळ कधी दिसलो?"

हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुमच्या हातातली बशी खाली पडली होती. काकू, तो डबा उलटं का दाखवतो, ते लेखात पुढच्या अंकी सांगू म्हटलं होतं. तो पुढचा अंक आपल्याला शेवटपर्यंत सापडला नाही. तुम्हाला उत्तर माहीत होतं, असं मला वाटतं. तुम्ही सांगितलं नाहीत. म्हणालात, अंक सापडला की वाच.

आता ते सांगते, जे मनातून जात नाही.

आमचा जुना तराजू होता, दांडीचा. गिऱ्हाईक तोंडावर म्हणायचं, तुमच्या दांडीत खोट आहे. खोट नव्हती. पण मला भांडता येत नाही, मी गुपचूप अर्धा किलो जास्त धरून पैसे द्यायची. तुम्ही एकदा दुकानात बसून ते बघितलंत आणि दुसऱ्या दिवशी सहा हजार रुपये आणून दिलेत. "इलेक्ट्रिकचा काटा घे. आकडा समोर दिसला का कोणी बोलत नाही." मी हात लावत नव्हते. तुम्ही म्हणालात, उसने आहेत, फेड हळू हळू. मग घेतले.

पुढच्या महिन्यात मी तीनशे रुपये घेऊन आले. तुम्ही घेतले नाहीत.

"पैसे काय करू? मले अंक आणून दे. एका अंकाचे दोनशे धरू."

"काकू, दोनशेत पंधरा किलो रद्दी येते!"

"येऊ दे."

मी खरंच एक अंक नव्या काट्यावर ठेवला होता. एकशे दहा ग्राम. म्हटलं, "दीड रुपया होते याचा."

"घेणारी मी आहे ना? मंग भाव मी सांगीन."

"लोक काय म्हणतीन? रद्दीवाली म्हातारीले लुटून राहिली म्हणतीन."

"म्हातारी कोणाले म्हणते वं?" तुम्ही म्हणालात आणि विषय तिथंच बुडवलात.

मी अंक शोधायला लागले. सगळ्या ठेलेवाल्यांना सांगून ठेवलं, इतवारीच्या गोदामात पोती उपसली. रामटेकच्या एका जुन्या मास्तरांच्या घरून चार मिळाले. कन्हानच्या पोत्यातून दोन आले. माहेरी शेजारच्या माळ्यावर सात मिळाले, सुताने बांधलेले. प्रत्येक अंक दिला की तुम्ही वहीत लिहायच्या, शकू, एक अंक, दोनशे. चार वर्षांत तीस अंक झाले आणि तुम्ही जाहीर केलंत, "फिटले."

"नाही फिटले."

"तीस गुणिले दोनशे किती?"

"ते मले येते. पण पैसे घेतले होते, तं पैसेच द्या लागतीन."

मी तुमचं ऐकलं नाही, काकू. जे तीनशे तुम्ही दर महिन्याला परत करायच्या, ते मी भिशीत टाकत गेले. भिशी लागली तशी रक्कम पेटीत ठेवून दिली. दोनदा तुमच्याकडे आणली, दोनदा तुम्ही पिशवीसकट मला दाराबाहेर काढलंत. दुसऱ्यांदा तर आतून कडी लावलीत आणि खिडकीतून म्हणालात, "सोमवारी रिकाम्या हातानं ये." मी जिन्यात बसून रडले आणि हसलेही. एखाद्याने आपल्यावर इतका जीव लावावा आणि त्याचंच ओझं व्हावं, हे मला कसं समजावून सांगावं ते कळत नव्हतं. आजही कळत नाही.

परवा चपलांजवळ बसले होते, तेव्हा खालच्या भाडेकरीणबाई जिन्यात कोणाला तरी सांगत होत्या. "ते रद्दीवाली पाहिली का? दीड रुपयाचा कागद दोनशेले लावत होती म्हातारीले. वहीत लिहून आहे सगळं." मी जेवले नाही. घरी आले आणि आमच्या घरच्यांना म्हटलं, "पाहा, मी म्हणत होते ना." ते म्हणाले, "जाऊ दे वं." पण माझ्याने जाऊ देववलं नाही. तुम्ही होतात तोवर खरं काय ते जाणणाऱ्या आपण दोघी होतो. आता मी एकटी, आणि माझा आवाज निघत नाही.

काल सकाळी अविनाशभाऊंचा फोन आला. "आत्याच्या मासिकांच्या दोन ट्रंका आहेत. मला मंगळवारी बंगलोरला परत जायचंय. तुम्ही रद्दी घेता ना? काय होतील ते द्या आणि घेऊन जा."

आम्ही दोघं ठेला घेऊन आलो. निघताना मी पेटी उघडली आणि ते पैसे पदराला बांधले. काय करणार ते ठरवलं नव्हतं. घरात टेबल तसंच होतं. अविनाशभाऊंनी वही पुढे केली. ते वाईट बोलले नाहीत, पण त्यांचा आवाज जपून होता. "यात तुमचं नाव तीस वेळा आहे. एका अंकाचे दोनशे. हे काय आहे, मला जरा सांगाल?"

आमचे घरचे बोलणार होते, मी त्यांना हातानेच थांबवलं. काहीतरी करायचं म्हणून मी खाली बसले आणि पहिली ट्रंक उघडली.

काकू, तुम्ही माझ्या फाडलेल्या तेवीस अंकांना नवी कव्हरं घातली होती. खाकी कागदाची, टाके घालून. मला कधी दाखवली नाहीत! टेबलावर अंक यायचे ते तुम्ही आधीच काढून ठेवलेले, ट्रंक मी कधी उघडलीच नव्हती. प्रत्येक कव्हरवर तुमच्या गोल अक्षरात महिना, वर्ष, आणि खाली, ते कशावरून काढलं ते. "शकूने मेथीवरून सांगितले." "वर्गणीवरून. शकूचा शोध." "कोड्यावरून, मी." तेवीसपैकी नऊ अंकांवर माझं नाव होतं. मी मोजलं. माझं नाव कागदावर एवढ्या वेळा कोणी लिहिलं नसेल, रेशनकार्डावरही नाही.

मग कंदिलाचा अंक निघाला. त्यावर होतं, "माझ्या मते ऑक्टोबर. शकूच्या मते ऑगस्ट." आणि त्याच्या खाली हिरव्या शाईत, "शकू बरोबर. डिसेंबरच्या अंकात एका वाचकाचे पत्र आहे, ऑगस्टच्या अंकातला कंदील केला म्हणून."

हिरव्या शाईचं पेन तुमच्याकडे दोन वर्षांपूर्वी होतं. ते गळायचं, म्हणून तुम्ही माझ्यासमोर टाकून दिलं होतं. म्हणजे दोन वर्षं तुम्हाला माहीत होतं! दोन वर्षं तुम्ही माझ्यापुढे पोहे ठेवत ऑक्टोबर म्हणत राहिलात. का हो, काकू? हरायचं नव्हतं? की मी ऑगस्ट म्हणावं, एवढ्यासाठीच? मी जमिनीवर बसून किती वेळ ते अक्षर बघत होते, मला माहीत नाही. रडू येत होतं आणि तुम्हाला चांगलं ऐकवावंसंही वाटत होतं.

आमच्या घरच्यांनी काटा लावला. दोन्ही ट्रंकांतले अंक मिळून सात किलो आणि वर काही भरले. अविनाशभाऊ म्हणाले, "मग किती झाले?"

आणि काकू, माझा आवाज निघाला.

"भाऊ, हे मी रद्दीत नाही घेत. हे अंक आहेत. एकाचे दोनशे, हा भाव तुमच्या आत्याचा. मी आणलेले तीस आहेत यात. तीसचे सहा हजार." मी पदराची गाठ सोडली. गाठ घट्ट बसली होती, दात लावावे लागले.

ते गोंधळले. "पण हे तर तुम्हीच तिला विकलेत ना?"

मग मी सगळं सांगितलं. तराजू, काटा, उसने सहा हजार, परत केलेले तीनशे, आतून लावलेली कडी. एवढं सलग मी आयुष्यात कोणापुढे बोलले नसेन. भाडेकरीणबाई कपडे वाळत घालायला वर आल्या होत्या, त्याही दारात थांबल्या. मी त्यांच्याकडे बघूनही बोलले.

अविनाशभाऊंनी वहीचं शेवटचं पान उघडलं. "आत्याने इथे लिहिलंय. सहा हजार फिटले."

"त्यायच्या वहीत फिटले. माझ्या हातून कुठं फिटले? तुम्ही घ्या."

"घ्या भाऊ," आमचे घरचे म्हणाले. "हे आता ऐकत नाही. रद्दीचं दुकान आहे आमचं आणि हे रद्दी विकाची सोडून दोनशेनं विकत घेऊन राहिली. पण घ्या."

अविनाशभाऊ थोडं हसले. तुमच्यासारखेच हसतात, आधी डोळ्यांनी. म्हणाले, "बाकीचे अंक तसेच न्या. त्यांचे वजनाचे पैसे नकोत."

पाचशेच्या बारा नोटा होत्या. त्यांनी एकदा मोजल्या, आणि मी बघते आहे असं पाहून पुन्हा एकदा मोजल्या, मोठ्याने. भाडेकरीणबाईंनी ऐकलं. मग त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली, तुमच्या "फिटले" या शब्दाखाली लिहिलं, सहा हजार रोख मिळाले, आणि आपली सही केली. मला म्हणाले, तुम्हीही करा. मी हात पुसला आणि माझं पूर्ण नाव लिहिलं. सहा हजार, काकू. सगळे दिले.